छोट्या संस्थेत मूल्यमापनाची घडी कशी बसवायची?

एखाद्या दिवशी संस्थेच्या ताई किंवा सर बोलावून घेतात आणि सांगतात, "या महिन्यापासून एम अँड ई तू बघ." एम अँड ई म्हणजे मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, कामावर देखरेख आणि त्याचं मूल्यमापन. कारण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. सीएसआरवाल्यांनी (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी बघणाऱ्यांनी) नाहीतर दुसऱ्या कुठल्या देणगीदाराने "इम्पॅक्ट काय झाला?" असं विचारलेलं असतं आणि उत्तर कोणाकडेच नसतं. तुम्ही नुकतेच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून आलेले असता, नाहीतर कालपर्यंत एका तालुक्याचं काम सांभाळत असता. लॅपटॉप मिळतो, आधीच्या माणसाने केलेली लांबलचक एक्सेल शीट मिळते, आणि ती शीट नेमकी कशासाठी होती हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

हा लेख तुमच्यासाठी. मराठवाड्यात शिक्षण आणि पाण्याच्या कामांत हेच काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: ज्या आकड्यावर संस्थेत कोणी निर्णय घेणार नाही, तो आकडा गोळाच करू नये. सॉफ्टवेअर, सल्लागार, प्रशिक्षण हे सगळं त्यानंतर.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच काम धरून चालू. समजा, तुमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात अभ्यासवर्ग चालवते. आई-वडील दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडीला जातात, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. काही मुलं उसाच्या फडावर सोबत जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात.

१. फॉरमॅट बंद करा, निर्णयांची यादी करा

पहिला आठवडा संगणक उघडू नका. वही घ्या आणि संस्थेत फिरा. संचालक, तालुका समन्वयक, हिशेब बघणारे, वर्ग घेणाऱ्या ताई, सगळ्यांना एकच विचारा: येत्या वर्षात तुम्हाला कोणकोणते निर्णय घ्यायचे आहेत? "निर्णय" म्हटलं की लोक बिचकतात, म्हणून "कशावर अडलंय?" असं विचारलं तरी चालतं. हाती असं काहीतरी लागेल:

– पुढच्या वर्षी कोणत्या गावांतले वर्ग चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे?
– चौथी-पाचवीतल्या ज्या मुलांना अजून वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वेगळी शिक्षिका लावायची का?
– मूल गावात थांबावं म्हणून आजी-आजोबांना शिधा द्यायचा, की हंगामी वसतिगृहासाठी पंचायत समितीकडे पाठपुरावा करायचा?

प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहा. निर्णय कोण घेणार? कधी घेणार? आणि काय कळलं तर त्यांचं मत बदलेल? तिसरा प्रश्न हीच खरी चाळणी. उत्तर "काहीही निघालं तरी आपण हेच करणार" असं आलं, तर त्या प्रश्नावर एक रुपयाही घालू नका. संस्थापकांच्या स्वतःच्या गावातला वर्ग कधी बंद होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं मूल्यमापन करून कोणाचंच भलं होत नाही.

"कधी" या रकान्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. पुढच्या वर्षाचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं. तुमचा सुंदर अहवाल जूनमध्ये आला तर तो फक्त कपाटात जाईल. जानेवारीअखेर आलेलं दोन पानी कच्चं टिपण त्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

इथला सापळा असा की देणगीदाराने पाठवलेली इंडिकेटरची (काय काय मोजायचं त्याची) यादी हीच आपली यादी समजली जाते. ती भरावी लागणारच, पण तिचा नंबर दुसरा. आधी आपले प्रश्न ठरवा, मग त्या माहितीतून देणगीदाराचं किती भागतं ते बघा. माझ्या अनुभवात बरंचसं भागतं.

२. घरात आहे ते आधी बघा

नवीन सर्व्हे काढण्याचा मोह होईल. त्याआधी ही कागदपत्रं एका टेबलावर आणा:

– मंजूर प्रस्ताव आणि करारपत्रं (लिहून काय दिलंय ते कळतं)
– मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल
– वर्गाचं हजेरीपत्रक, भेटवही, बैठकांची इतिवृत्तं
– सध्या भरले जाणारे सगळे फॉरमॅट, प्रत्येकाची एक भरलेली प्रत
– बजेट आणि झालेला खर्च, शक्यतो गावनिहाय

आता एकाच मुलीचं नाव या सगळ्यांत शोधा. हजेरीत सानिका, पोषणाच्या यादीत सानीका, देणगीदाराच्या यादीत फक्त आडनाव आणि वडिलांचं नाव. तिची हजेरी आणि तिचं वाचन एकत्र ठेवून बघायचं तर कोणत्या ओळीला कोणती ओळ जोडायची? म्हणून पहिलं काम प्रत्येक मुलाला एक कायमचा क्रमांक देणं. त्यासाठी आधार क्रमांक अजिबात वापरू नका. गावाचा संकेतांक आणि त्यापुढे अनुक्रमांक, एवढं पुरतं.

बाहेरची माहितीही बघून ठेवा. शाळांची यू-डायसमध्ये (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात) असते, आरोग्य-पोषणाची जिल्हावार चित्रं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आहेत, पाण्याचं काम असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. मात्र जिल्ह्याचा आकडा सुधारला म्हणून तुमच्या पंधरा गावांमुळे सुधारला असं लिहू नका. असे अहवाल मी वाचलेत. देणगीदारही वाचतात, आणि त्यांच्याकडेही कॅल्क्युलेटर असतो.

३. साखळी एका पानावर मांडा

आपण काय करतो, त्यातून लगेच काय होतं, पुढे कोणाच्या आयुष्यात काय बदलायला हवं, हे एका कागदावर बाण काढून मांडा. लॉगफ्रेम, थिअरी ऑफ चेंज वगैरे याच घरातल्या गोष्टी. नावांना घाबरू नका. प्रत्येक बाणावर लिहा: "हे होण्यासाठी काय गृहीत धरलंय?" वर्ग भरला, मूल आलं, शिकवणं त्याच्या पातळीचं होतं, वाचता यायला लागलं, शाळा सुटली नाही. सगळ्यात कच्चा बाण कोणता? तिथेच मोजायचं.

मधले बाण सोडले की काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जलयुक्त शिवार अभियानात कामांचे आणि खर्चाचे आकडे प्रचंड होते. कॅगचा (सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा) अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर राजकारण भरपूर झालं, ते सोडून देऊ. आपल्यापुरतं एवढंच: नाला किती मीटर खोल केला हा एक आकडा, विहिरीत मे महिन्यात पाणी होतं का हा दुसरा. पहिला मोजणं सोपं म्हणून सगळे तोच मोजतात.

४. मोजपट्टी साधी घ्या, जमल्यास आयती घ्या

प्रश्नावली स्वतः तयार करण्यात विशेष मर्दुमकी नाही. वाचन मोजायचं तर 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची पट्टी आहे. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने २००५ पासून ती देशभर वापरली: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते बघायचं आणि नोंदवायचं. एका मुलाला काही मिनिटं लागतात, बारावी झालेली गावातली मुलगी नीट शिकवल्यास हे करू शकते, आणि मुख्य म्हणजे निकाल आजीलाही समजतो. "तुमचा नातू शब्द वाचतो, गोष्ट अजून नाही," एवढं सांगता येतं. टक्केवारीतला गुण कोणालाच काही सांगत नाही. कुपोषणासाठी दंडघेराची पट्टी तशीच: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित.

जिथे प्रश्न विचारावेच लागतात, तिथे ते गावाच्या बोलीत आणि गावाच्या पंचांगात बसवा. "विहिरीला वर्षातून किती महिने पाणी असतं?" असं विचारलं की समोरचा अंदाजे "आठ" म्हणतो, कारण शेजारच्यानेही आठच सांगितलेलं असतं. त्याऐवजी विचारा: होळीला मोटर किती तास चालत होती? पाडव्याला? अक्षय्य तृतीयेला पाणी प्यायपुरतं होतं की तेही नव्हतं? माणूस थांबतो, आठवतो, बायकोला हाक मारून विचारतो. ते उत्तर खरं असतं. विहिरीची खोली 'परस' या जुन्या मापात सांगितली तर त्याच मापात लिहून घ्या, फूट नंतर करता येतात. जमीन गुंठ्यांत, उत्पन्न पोत्यांत आणि क्विंटलांत. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणा, नाहीतर तुम्ही बाहेरचे हे पहिल्याच मिनिटाला कळतं.

मग दहा घरी जाऊन प्रश्न चालवून बघा. जिथे तीन जणांनी "म्हंजे?" असं विचारलं, तो प्रश्न बदला.

एकूण इंडिकेटर किती? एका कार्यक्रमाला पाच-सात. त्याहून जास्त झाले की फिल्डवरचे लोक महिनाअखेरीस रात्री बसून "भरून" टाकतात. त्यांचा दोष नाही.

५. तुलना कशाशी, हे आधी ठरवा

सुरुवातीला वीस टक्के मुलं गोष्ट वाचत होती, वर्षअखेर चाळीस टक्के. छान. पण मुलं वर्षभराने मोठीही झाली, शाळेतही गेली. तुमच्यामुळे किती?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. कामाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आला, तुलनेच्या गावांत साठच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती ४७ गावं नसती, तर "सगळीकडेच सुधारणा होतेय" असं म्हणून कोणीही तो निकाल उडवून लावू शकला असता.

तुम्हाला एवढा मोठा प्रयोग करायची गरज नाही. पण पैसा एका वर्षात दहाच गावांना पुरणार असेल आणि पुढच्या वर्षी आणखी दहा घ्यायची असतील, तर बेसलाइन (काम सुरू होण्याआधीची मोजणी) वीसही गावांत करा. थांबलेली दहा गावं आपोआप तुलनेला मिळतात आणि कोणाला कायमचं वगळावं लागत नाही.

दोन सापळे आमच्या भागातले खास. पहिला हंगामाचा. बेसलाइन सप्टेंबरमध्ये केली, सगळी मुलं गावात होती. एंडलाइन (शेवटची मोजणी) जानेवारीत केली, तोडीला गेलेल्यांची मुलं गायब. मागे राहिलेली मुलं बहुतेक बऱ्या परिस्थितीतली, निकाल आपोआप चांगला. म्हणून दोन्ही मोजण्या एकाच मोसमात करा, आणि तीच मुलं क्रमांकाने शोधा. न सापडलेल्या मुलांची संख्याही अहवालात लिहा, कारण कित्येकदा खरी बातमी तिथेच असते. दुसरा सापळा पावसाचा. दुष्काळी वर्षात बेसलाइन आणि चांगल्या पावसाच्या वर्षात एंडलाइन झाली की कोणतंही पाण्याचं काम यशस्वी दिसतं.

६. मोजणारी माणसं

वर्ग घेणाऱ्या ताईलाच तिच्या वर्गाची चाचणी घ्यायला लावू नका. ती अप्रामाणिक असते असं नाही. मूल अडखळलं की तिच्या तोंडून पहिलं अक्षर निघतंच. दोन तालुक्यांच्या ताईंची अदलाबदल करा. प्रवासखर्च थोडा वाढतो, पण एकमेकींचे वर्ग बघायला मिळतात आणि परतताना त्या जे बोलतात ते कुठल्याच प्रशिक्षणात मिळत नाही.

प्रशिक्षण किमान दोन दिवसांचं ठेवा, त्यातला एक दिवस गावात. दहातल्या एका घरी समन्वयकाने पुन्हा जाऊन दोन-तीन प्रश्न परत विचारावेत, आणि हे होणार आहे हे सगळ्यांना आधीच सांगावं. चुका सापडल्या तर चारचौघांत पाणउतारा करू नका, नाहीतर पुढच्या फेरीला सगळं निर्दोष येईल आणि खोटं येईल.

साधनं: शंभरेक मुलं असतील तर कागद आणि एक्सेल पुरे. त्याहून जास्त असतील तर कोबो टूलबॉक्स बघा. फोनवर नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतो, आणि वय ४५० असं कोणी टाकलं तर फॉर्म अडवून धरतो. महागडं एमआयएस (माहिती साठवण्याचं सॉफ्टवेअर) पहिल्या वर्षी घेऊ नका. विकणारा माणूस डॅशबोर्ड दाखवतो, माहिती कोण भरणार ते सांगत नाही.

संमती घेतलीच पाहिजे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पालक फडावर असतील तर ते जाण्याआधीच ती घेऊन ठेवा. दारात उभं राहून वाचून दाखवायला एवढं पुरेसं आहे: "काकू, आम्ही अभ्यासवर्गाकडून आलोय. पोरगी काय वाचते ते बघायचंय. नाव बाहेर कुठं जाणार नाही. नको म्हणालात तरी वर्ग बंद होणार नाही." शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. ते नसेल तर बाकीची संमती नावालाच.

७. बैठक बदला

माझ्या मते सगळी क्षमता इथे कळते. मासिक आढावा बैठकीत प्रत्येक तालुका आपले आकडे वाचून दाखवतो, सर "हे कमी का?" विचारतात, समन्वयक कारण सांगतो, चहा येतो. माहिती होती, निर्णय झाला नाही.

तीन महिन्यांतून एक बैठक वेगळी ठेवा. आधी आकडे दाखवू नका. प्रत्येकाला चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगा: कोणत्या तीन गावांत मुलं सगळ्यात पुढे असतील, कोणत्या तीन गावांत मागे? मग तक्ता फळ्यावर लावा. समजा, बारा वर्गांत ज्याची हजेरी सगळ्यात चांगली तोच वाचनात मागे निघाला. आता बोलणं सुरू होतं. कोणी म्हणतं, तिथे खाऊ मिळतो म्हणून मुलं येतात. कोणी म्हणतं, तिथे एकाच खोलीत पहिली ते सातवी बसते. समन्वयकाला पुढच्या आठवड्यात तिथे दोन दिवस बसायला पाठवायचं ठरतं. एवढं झालं की बैठक सार्थकी लागली.

ठरलेलं निर्णयवहीत लिहा: तारीख, काय दिसलं, काय ठरलं, कोण करणार, परत कधी बघायचं. पुढची बैठक त्याच पानापासून सुरू करा. वर्षाखेरीस त्या वहीत तीन-चार निर्णय माहितीमुळे बदललेले दिसले, तर संस्थेत मूल्यमापन रुजतंय. एकही दिसला नाही, तर कितीही अहवाल छापले तरी रुजलेलं नाही.

वाईट बातमीचं काय करायचं? प्रथमचंच उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात त्यांच्यासोबत अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा गावसभांमध्ये शाळेबद्दल माहिती देऊन लोक शाळेच्या कारभारात उतरतील ही आशा फोल ठरली. स्वयंसेवकांच्या वाचनवर्गांत आलेली मुलं मात्र वाचायला शिकली, पण आली फार थोडी. पद्धत चालते, मुलं पोहोचत नाहीत, असे दोन वेगळे निष्कर्ष हाती आले, आणि पुढचे काही प्रयोग शाळेच्या वेळेत, सरकारी शिक्षकांसोबत झाले. संस्था त्यामुळे लहान झाली नाही.

संस्था चालवणाऱ्या तुमच्या ताई-सरांना अशी बातमी बैठकीत एकदम दाखवू नका. आदल्या दिवशी एकट्याने भेटून सांगा. सगळ्यांसमोर धक्का बसला की कोणताही माणूस आकड्यांत खोट काढायला लागतो.

८. पैसा आणि बाहेरचा सल्लागार

प्रस्तावातच मूल्यमापनासाठी वेगळी ओळ टाका. नंतर कोणी देत नाही. सीएसआरच्या नियमांनुसार, ज्या कंपनीची मागच्या तीन वर्षांची सरासरी सीएसआर जबाबदारी दहा कोटी किंवा अधिक आहे, तिला एक कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पाचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून, प्रकल्प पूर्ण झाल्याच्या वर्षभरानंतर करावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एकूण सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा पन्नास लाख, यांपैकी जास्त असेल तेवढी रक्कम दाखवता येते. तुमचा प्रकल्प छोटा असला तर ही सक्ती लागू नाही, आणि कंपनीचा माणूस ती आहे असं म्हणाला तर नम्रपणे नियम दाखवा. परदेशी निधी असेल तर २०२० पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा वीस टक्के आहे. मूल्यमापन करणाऱ्यांचा पगार त्यात धरायचा का, हे तुमच्या सीएला वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

सल्लागार लागतोच असं नाही. मोठा निर्णय असेल, किंवा घरच्यांच्या मोजणीवर बाहेरचे विश्वास ठेवणार नसतील, तेव्हा घ्या. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: कच्चा डेटा संस्थेला मिळेल, आपला एक कार्यकर्ता पूर्ण वेळ सोबत राहील, आणि मराठीत चार पानांचा सारांश मिळेल. हा सारांश नसला तर इंग्रजी अहवाल फक्त दिल्ली-मुंबईत वाचला जातो आणि ज्यांच्या कामाबद्दल तो आहे त्यांना त्यातला एक शब्दही कळत नाही. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या सहा निकषांची (प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम, टिकाऊपणा) चौकट तो पुढे करेलच. सहाही तपासायचा आग्रह धरू नका. पायरी १ मधले तुमचे प्रश्न त्याच्यासमोर ठेवा आणि त्यांना लागतील तेवढेच निकष निवडा.

९. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

जूनमध्ये निर्णयांची यादी, साखळी आणि मुलांचे क्रमांक. जुलै-ऑगस्टमध्ये पट्टी चालवून बघणं, ताईंचं प्रशिक्षण, पालकांच्या संमती. सप्टेंबरमध्ये, माणसं तोडीला जायच्या आत, बेसलाइन. नोव्हेंबरात फक्त एक मोजणी: कोण गेलं, कोण राहिलं. जानेवारीत मागे राहिलेल्या मुलांची मधली चाचणी, आणि महिनाअखेर दोन पानी टिपण, बजेटच्या बैठकीआधी. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांची नोंद, ती वर्गात परत आली का ते. एंडलाइन पुढच्या सप्टेंबरात. मे महिन्यात काही मोजायला जाऊ नका. शाळा बंद, ऊन मरणाचं, आणि निम्मं गाव कोणाच्या ना कोणाच्या लग्नात असतं.